काटा शून्यावर

"बोल लेकी," बाई म्हणाल्या, आणि मला बोलता येईना.

बाळ्याचे डोळे वर गेलेले, ओठ पापडासारखे सुकलेले, टाळू आत बसलेली, आणि डॉक्टरीणबाई विचारतायत, वजन किती, अहो वजन किती. वजनाचा काटा वरच्या वॉर्डात होता, आणायला वेळ नव्हता. सलाईन किती सोडायचं ते वजनावर ठरतं हे मला माहीत नव्हतं, त्यांच्या घाईवरून कळलं. बाईंनी पिशवीतनं बालवाडीचं कार्ड काढून पुढं केलं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, सहा किलो दोनशे, आणि नर्सला तसंच सांगितलं. नर्स बाटली टांगायला लागली.

माझा हात बाळ्याच्या कमरेवर होता, करगोट्यावर, दाबून धरलेला. बाईंनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"बोल लेकी. कार्डावरचं वजन बरोबर आहे ना?"

बरोबर नाय. दोन शब्द होते. पोटच्या पोरासाठी दोन शब्द, आणि मी करगोटा अजून घट्ट धरला.

थांबा, असं मधनंच सांगितलं तर तुमाला काय कळायचं नाय. बाई कोण, ते आधी सांगते.

आमी शिरवण्यात राहायचो, नेरूळला, गावठाणातल्या एका आगरी आजीच्या चाळीत. आमचे हे वाशीच्या मार्केटला हमाली करायचे. आमच्या साताऱ्याकडचे अजून पाच जण आमच्याच खोलीत, सगळ्यांचं जेवण मी करायची. सातवीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी बाळ्या. मुंबई बघायला मिळंल म्हणून आले, तर बघितली फक्त परात आणि स्टोव्ह.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका संस्थेची बालवाडी होती, पत्र्याची. तिथं बाई शिकवायच्या. नगरकडच्या, ख्रिश्चन, नवरा वारलेला, मूलबाळ नाय. पांढरी साडी, बारीक निळा काठ, केसांना तेल न लावता चापून चोपून अंबाडा. बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं, पण आवाजात माया. आमी नुसतं बाई म्हणायचो, नाव कुणी विचारलंच नाय.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोरांची वजनं. छताच्या वाशाला गोल काटा टांगलेला, खाली हूक, हुकाला झोळी. कुठलंपण पोर घालायच्या आधी बाई रिकाम्या झोळीला एक टिचकी मारायच्या आणि हात मागं बांधून उभ्या राहायच्या. काटा थरथरायचा, हलायचा, मग थांबायचा. तो थांबल्याशिवाय बाई हलायच्या नाय.

"बघा गं सगळ्यांनी. काटा शून्यावर. खोटा काटा देवाला सोसत नाही."

दर पोरामागं टिचकी, दर पोरामागं हे वाक्य. चाळीस पोरं असली तर चाळीस वेळा. बायका कंटाळायच्या. एक जण म्हणायची, "बाई, तुमच्या देवाला सोसंल, पण आमची भाकरी करपंल." बाई हसायच्या आणि परत टिचकी.

असली वचनं त्यांच्याकडं लय होती. त्यांच्या बायबलात म्हणे एका शहाण्या राजाची वचनं हायत, ती त्यांना सगळी पाठ. पण त्या देवळातल्या बुवासारख्या सांगत बसायच्या नाय. काम करता करता निघायचं तोंडातनं, जसं आपल्याकडं म्हातारी माणसं म्हण सांगतात.

एकदा बालवाडीत दुधाची भुकटी सांडली, मुंग्यांची ही रांग लागली. मी झाडू घेतला तर बाईंनी अडवलं. पोरांना गोल बसवलं आणि म्हणाल्या, "मुंगीला मुकादम नाही, साहेब नाही, तरी बघा कशी वेळेवर साठवते. आळशी माणसाने हिच्या शाळेत जावं." हे मी घरी सांगितलं. आमचे हे पाठीला बाम चोळून घेत होते, म्हणाले, "बिनमुकादमाच्या हायत ना? मग आमच्या धक्क्यावर पाठीव म्हणावं. आमाला दोन दोन मुकादम, एक त्यातला त्यांना देऊ."

मासळीवालीकडनं बाईंनी बोंबील घेतले आणि घरी जाऊन बघितलं तर एक जास्तीचा. एक बोंबील. परत चालत गेल्या. मासळीवाली कपाळाला हात लावून म्हणाली, "बाय माजे, एक बोंबील तुना माफ. देवाला नको सांगू." बाई म्हणाल्या, "त्याला मी सांगायच्या आधीच कळतं गं." तेव्हापासनं त्या दिसल्या की भाजीवाला आपला तराजू उचलून दाखवायचा, "या बाई, सरळ हाय, फुंकून बघा." सगळे हसायचे. बाईपण.

दुपारी मी तांदूळ निवडायला बालवाडीच्या पायरीवर बसायची, घरात माणसं झोपलेली असायची म्हणून. बाई बाजूला बसून निवडू लागायच्या. एकदा खडा उचलून म्हणाल्या, "लबाडीची भाकर खाताना गोड लागते लेकी, मागून तोंडात खडे भरतात."

मी म्हणलं, "बाई, आमच्या रेशनच्या तांदळात लबाडी न करताच भरलेत."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, मी पाठ चोळली. एवढं मोकळं हसताना मी त्यांना तेवढंच बघितलं.

आता माझं सांगते.

बाळ्या सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत होता. मग वरचं खाणं सुरू केलं आणि जुलाब सुरू झाले. थांबायचे, परत लागायचे. पोरगं वाळायला लागलं. त्यातच सासूबाई गावावरनं आल्या. बाळ्याला मांडीवर घेतलं, दंड चाचपला आणि मला काय नाय बोलल्या, माझ्यासमोर ह्यांना बोलल्या, "हिला पोर संभाळायला जमंना. सहा माणसांच्या भाकरी थापायच्या का पोर बघायचं? हिला राहू दे हितं, भाकरीला. पोर मी घेऊन जाते."

हे म्हणाले, "बघू. कार्डावर वजन वाढतंय का बघू. दोन महिन्यात नाय वाढलं तर न्या."

म्हणजे मी हितं आणि पोरगं साताऱ्याला. अंगावर पिणारं पोर. त्या दिवसापासनं मला दुसरं काय सुचंना, फक्त कार्ड, कार्ड, कार्ड.

बाई वजनाला पोरांचे सगळे कपडे काढायला लावायच्या, टोपडं पण, वाळे पण. पण एका गोष्टीला त्यांनी कधी हात लावला नाय, पोरांचा करगोटा. कमरेचा काळा दोरा आणि त्यात कुणाचा ताईत, कुणाचा अंगारा. एका पोराच्या आईने विचारलं होतं, हे नाय का काढायचं? तर बाई म्हणाल्या होत्या, "ती तुमची श्रद्धा आहे. मी दुसऱ्या धर्माची बाई, माझा हात नको त्याला."

मी ते ऐकून ठेवलं होतं.

आमच्या घरमालकीण आजीचं फेकायचं जाळं अंगणात खुंटीला टांगलेलं असायचं. तिचा म्हातारा होता तवा खाडीवर जायचा, आता नुसतं टांगलेलं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, जाळं पाण्यात बुडावं म्हणून. दुपारी आजी झोपली तेव्हा मी विळीने त्या कापल्या. मूठभर. लाल फडक्यात घालून ताईतासारखी पुरचुंडी शिवली आणि बाळ्याच्या करगोट्याला बांधली. एवढीशी पुरचुंडी, पण हातात घेतली की कळायचं.

पहिल्या सोमवारी बाईंनी टिचकी मारली. काटा शून्यावर आला. मी बाळ्याला झोळीत घातलं. बाईंची नजर पुरचुंडीवर गेली.

मी म्हणलं, "गावच्या देवाचा अंगारा हाय बाई. सासूबाईंनी बांधलाय, सोडायचा नाय."

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या आणि हात मागं घेतला. काट्याकडं बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगं, वाढलं की! जेवण लागायला लागलं बाळाला."

मला वाटलं आत्ता जमीन फाटावी आणि मी आत जावं. पण घरी कार्ड दाखवलं आणि ह्यांनी ते खिडकीत उजेडाला धरून बघितलं, रेघ वर गेलेली, आणि म्हणाले, "आईला कळवतो." त्या दिवशीची भाकर मला गोड लागली. खरं सांगते, लय गोड लागली.

दुसऱ्या महिन्याला मी अजून गोळ्या कापल्या, दुसरी पुरचुंडी बांधली. त्या सोमवारी संस्थेचे डॉक्टर आले होते. ते कार्डं बघत होते, ज्यांची रेघ खाली त्या पोरांना बाजूला काढत होते, औषध, दूध, दवाखान्याची चिठ्ठी. बाळ्याचं कार्ड बघितलं, रेघ वर, आणि म्हणाले, "हा मस्त आहे. पुढचा." मी बाळ्याला पदराखाली झाकून बाहेर आले. चिठ्ठी ज्याला पाहिजे होती ते पोर माझ्या पदराखाली होतं.

त्यानंतर तिसरा आठवडा नाय सरला. सकाळपासनं पाण्यासारखे जुलाब, दुपारी मान टाकली. माणसं सगळी मार्केटला. मी बाळ्याला घेऊन अनवाणी बालवाडीकडं पळाले. बाईंनी पोरं शेजारणीवर सोडली, रिक्षा थांबवली, रिक्षात बाळ्याच्या तोंडात पाण्याचं बोट घालत राहिल्या आणि ओठांनी प्रार्थना.

आणि मग तो दवाखाना, ती बाटली, आणि बाई म्हणतायत, बोल लेकी.

मी नाय बोलले.

बाईंनी माझा हात बाजूला केला, हळूच. ज्या करगोट्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता तो त्यांनी बोटात धरला आणि हिसका देऊन तोडला. एक पुरचुंडी उसवली, दोन चार गोळ्या लोखंडी टेबलावर पडल्या, टक टक टक करत खाली गेल्या. बाईंनी दोन्ही पुरचुंड्या तळहातावर तोलल्या. आयुष्यभर वजन करणारी बाई, तिला काटा लागला नाय.

"डॉक्टर, वजन अर्धा किलो कमी धरा. साडेपाच, पावणेसहा."

डॉक्टरीणबाईंनी हात चालू ठेवून विचारलं, "एवढं सुकलंय पोर आणि कार्ड म्हणतंय वाढतंय? कुणी लिहिलंय हे?"

"मी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "काटा माझ्या हातात होता."

बस. एवढंच. खाली वाकून एक एक गोळी गोळा केली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली.

संध्याकाळी हे धावत आले. बाळ्याने डोळे उघडले होते. ह्यांनी बाईंना विचारलं काय झालं. बाई म्हणाल्या, "जुलाबाने अंगातलं पाणी गेलं. आता धोका टळला." सगळं खरं. एक अक्षर खोटं नाय. हे त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं नाय.

मला वाटलं, संपलं. पण दवाखान्यातनं संस्थेला कागद गेला. संस्थेच्या मॅडम आल्या, सगळ्या आयांना बोलावलं, बाळ्याचं कार्ड सगळ्यांसमोर धरलं. मी पुढंच बसले होते, बाळ्या मांडीवर, हे मागं दाराशी उभे.

मॅडम म्हणाल्या, "दोन महिने चुकीचं वजन? हे कसं झालं?"

"वजन मी केलं. काटा माझ्या हातात होता."

"काटा बिघडला होता का?"

"नाही. काटा चांगला होता."

"मग?"

बाईंनी नुसते हात मागं बांधले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाय. बघितलं असतं तर कुणालातरी कळलं असतं, म्हणून नाय बघितलं, हे मला आता कळतं.

मागनं कुणीतरी म्हणालं, "दुनियेला वचनं सांगायची आणि आपलाच काटा वाकडा." दोघी तिघी हसल्या. जी भाकरी करपंल म्हणायची ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तुझं पोर गेलं असतं की गं हिच्यापायी."

आणि मी मान हलवली.

होय अशी. मी मान हलवली. बोलले नाय ते एक, पण मान हलवायला कुणी सांगितलं होतं मला?

बाईंना काढून टाकलं.

त्या जायच्या आदल्या दिवशी मी गेले त्यांच्या खोलीवर. एक ट्रंक, एक गादी गुंडाळलेली. मी दारातच रडायला लागले. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं.

"तुमी सांगितलं का नाय बाई माझं नाव?"

"मी खोटं काय बोलले? काटा माझ्याच हातात होता. दोरा सोडून बघणं माझं काम होतं. भिडेने नाही बघितलं. भीडसुद्धा खोटा काटाच असते लेकी."

"पण पाप माझं हाय."

त्यांनी ट्रंकेला कुलूप घातलं. मग म्हणाल्या, "प्रेम सगळ्या अपराधांवर पांघरूण घालतं, असं एक वचन आहे. आणि झाकलेलं पाप माणसाला सुखाने जगू देत नाही, जो कबूल करतो त्याला दया मिळते, असंपण आहे. दोन्ही त्याच राजाची. मला पण खूप वर्षं कळत नव्हतं, दोन्ही खरी कशी. पांघरूण घालणं माझं काम. ते काढणं तुझं. तुझ्या तोंडचं मी कसं बोलू?"

मी म्हणलं, "सांगितलं तर पोर नेतील बाई."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी तुला सांग म्हणत नाही. कधीतरी सांगशील."

निघताना त्यांनी माझ्या हातावर दोन्ही पुरचुंड्या ठेवल्या. उसवलेली त्यांनी परत शिवली होती, पांढऱ्या दोऱ्याने. "ज्याचं आहे त्याला परत कर."

त्या नगरला बहिणीकडं गेल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले नाय. लोक काय म्हणतील म्हणून.

बाळ्या आता चार वर्षांचा हाय. चूक बाईंची ठरली, म्हणून गावाला नाय गेला. बालवाडीत जातो, मुंग्या दिसल्या की उकिडवा बसून बघत राहतो. त्याच्या पाठीवर आता मुलगी झालीय, ती पाच महिन्यांची. नवीन बाई चांगल्या हायत, तरुण हायत, पण टिचकी मारत नायत. पोर घालतात, बघतात, लिहितात, पुढचा.

शिशाच्या गोळ्या मोहरीच्या डब्यात हायत. आजी अजून जाळ्याखाली उभी राहून म्हणते, "शिसा कोनी कापलीन गं माजी?" मी म्हणते, उंदरांनी कापलं असंल आजी. शिसं कधी उंदीर खातात का? आजी जाळ्याची कड चाचपते. माझ्याकडं बघते आणि आत जाते.

गेल्या महिन्यात बालवाडीच्या पत्त्यावर बाईंच्या बहिणीचं पोस्टकार्ड आलं. बाई गेल्या. खोकला होता म्हणे बरेच दिवस. नवीन बाईंनी वाचून दाखवलं, वजनाचाच दिवस होता, सगळ्या जमलेल्या. मग एक जण म्हणाली, "बाई लय चांगली होती. तेवढं एक सोडलं तर."

"होय," बाकीच्या म्हणाल्या, "तेवढं एक सोडलं तर."

तेवढं एक माझं होतं. माझा नंबर आला होता, मुलगी काखेत, आणि ते माझ्या जिभेवर आलं होतं, शप्पथ सांगते, आलं होतं. पण दारात ह्यांची आई उभी होती, सासूबाई, दिवाळीला आलेल्या, नातीचं वजन बघायला.

मी मुलीला खाली ठेवलं. तिचा करगोटा सोडला. त्यात काय नव्हतं, एक काळा मणी होता, तरी सोडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो कशाला सोडतीस? अपशकुन."

"असंच," मी म्हणलं.

रिकाम्या झोळीला एक टिचकी मारली आणि हात मागं बांधून उभी राहिले. काटा हलत होता. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, कारण हे कुणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. काटा थांबला. मी पोरीला झोळीत घातलं आणि बाकी काय बोलले नाय.

तुमीपण आया असाल, कुणाच्या सुना असाल. त्या दवाखान्यात, त्या बैठकीत, ते पोस्टकार्ड वाचलं तेव्हा, तुमी असता तर तुमचं तोंड उघडलं असतं का? पोर हातातनं जाणार हे माहीत असून? घाई करू नका सांगायची. आधी काटा शून्यावर येऊ द्या, मग सांगा.